सभा अजून थांबली आहे

आम्ही क्वेकर, म्हणजे युद्ध न मानणारा एक ख्रिस्ती पंथ. आमच्या सभेत मतदान नसतं. हात वर करायचे नाहीत, मोजायचे नाहीत. सगळ्यांनी गप्प बसायचं, ज्याला आतून वाटेल त्यानं उठून बोलायचं, आणि सगळ्यांची मनं एका जागी आली की मर्सी पेनॉक, आमची कारभारीण, ठराव लिहून घेते. एकाचंही मन अडलं तर सगळे थांबतात. पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या या गावात पिढ्यान् पिढ्या हेच चालत आलंय, आणि ही रीत चूक आहे असं म्हणायची माझी आजही छाती होत नाही.

त्या रविवारी टेसी हॅलोवेलचा ठराव होता.

टेसीचा मुलगा केलेब लाओसमध्ये गेला होता. तिथल्या शेतांत व्हिएतनामच्या लढाईपासून पडून राहिलेले बॉम्ब काढायच्या कामावर. त्यातल्याच एकानं त्याला नेलं. तेव्हापासून दर वसंतात टेसी वॉशिंग्टनला जायची, खासदारांच्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवायची. मी निवृत्त ग्रंथपाल. बोलणं मला जमत नाही, म्हणून पिशवी धरायला सोबत जायचो. दारावरचा पहारेकरी तिला ओळखायचा.

"काय आजी, अजून युद्ध थांबलं नाही वाटतं?"

"तू असा वाट अडवून उभा राहिल्यावर कसं थांबेल?" म्हणत ती त्याच्या हातावर आल्याचं बिस्किट ठेवायची.

यंदा पहिल्यांदाच काही हाताशी आलं होतं. केलेबला नेलं तसले, फुटून शेकडो छोटे बॉम्ब पसरणारे क्लस्टर बॉम्ब परदेशांना विकायला बंदी घालणारं विधेयक बुधवारी मताला येणार होतं. आमचे खासदार ग्रॉफ यांचं तळ्यात-मळ्यात चाललं होतं, कारण मतदारसंघात दारूगोळ्याचा कारखाना. ते टेसीला म्हणाले होते, "बाई, एकट्या आईचं ऐकून मत दिलं तर कारखानेवाले मला कच्चा खातील. तुमची अख्खी सभा पाठीशी आहे असं सांगता आलं, तर देतो."

मर्सीनं मसुदा वाचला. मग बराच वेळ शांतता. मला वाटलं, झालं, ठराव पक्का. तेवढ्यात टेसीच्या शेजारून तिचा नवरा एल्वुड उठला.

"मला यात येता येत नाही," तो म्हणाला.

टेसीनं मान वळवली नाही.

"विकायचे नाहीत म्हणतो आपण. आणि आपल्या कोठारातले? ते ठेवायचे? केलेब ज्याच्यावर गेला तो कुणी विकलेला नव्हता, टेसी. आपल्याच विमानानं टाकलेला होता."

"ठाऊक आहे मला," टेसी म्हणाली. "पण घर पेटलं की हाताला लागेल ते पोर आधी बाहेर काढतात, एल्वुड. सगळी एकदम निघत नाहीत म्हणून कुणी दारात उभं राहत नाही."

"आणि आत राहिलेल्या पोराबद्दल हा कागद एक शब्द बोलत नाही. त्याला मी हो कसं म्हणू?"

मर्सीनं हळूच विचारलं, "एल्वुड, बाजूला उभा राहशील? तुझी हरकत लिहून घेऊ, ठराव पुढे जाईल."

तो पुढच्या बाकाची कड धरून उभा राहिला. "आज नाही जमत. पुढच्या रविवारपर्यंत थांबा."

"बुधवार थांबणार आहे का तुझ्यासाठी?" मागून कुणीतरी पुटपुटलं. पण थांबा म्हटलं की थांबायचं, हे आम्हाला दुधाबरोबर पाजलेलं. मर्सीनं मसुद्याची घडी घातली.

बुधवारी सकाळी आम्ही ग्रॉफ यांच्यासमोर बसलो.

"मग? सभा काय म्हणते?"

मी टेसीकडे पाहिलं. नुसतं हो म्हटलं असतं, तर कोण तपासायला येणार होतं? एल्वुडसुद्धा तिला खोटं पाडायला आला नसता. तिनं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला आणि सोडला.

"सभा अजून थांबली आहे."

"म्हणजे तुमच्यातच एकमत नाही." ग्रॉफ यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "मग मी कुणाच्या जोरावर उडी मारू, बाई?"

त्यांनी विरोधात मत दिलं. विधेयक थोडक्यात पडलं. त्यांच्या एका मतानं काय झालं असतं ते कुणालाच सांगता येणार नाही, मला तर नाहीच. परतीच्या गाडीत टेसी एकदाच बोलली.

"एल्वुडचं म्हणणं खरं आहे रे. तेच तर."

पुढच्या रविवारी शांततेतून एल्वुड उठला. दाढीही केलेली नव्हती.

"मी बाजूला उभा राहतो," तो म्हणाला. "गुरुवारी कोंबड्यांना दाणे टाकताना मन सुटलं. मला उशीर झाला."

आता ठरावाला विषयच उरला नव्हता. तरी रीतीप्रमाणे मर्सीनं विचारलं, सभेचं एकमत आहे का? बाकाबाकांवरून "हो" येत गेले. सगळ्यांत शेवटी टेसीचा.

सभा संपली की शेजाऱ्याशी हात मिळवायचा, तीच आमची संपल्याची खूण. टेसीनं आधी माझा हात घेतला. मग एल्वुडचा. तो बराच वेळ पुढे आलेलाच होता. दुखवट्याला लांबून आलेल्या माणसाचा घ्यावा तसा तिनं तो दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "आलास. बरं झालं."