कोटांचे कपाट

मी एक जुने लाकडी कपाट आहे. चर्चमागच्या खोलीत उभा असतो. आधीच सांगून ठेवतो मित्रांनो, माणसांविषयी मला आता फारसा आदर उरलेला नाही.

सुताराने मला मन लावून घडवले. गरिबांचे कपडे माझ्यात ठेवायचे ठरले, तेव्हा पाळकसाहेबांनी माझ्यावर हात ठेवून प्रार्थना केली. मी फुशारून गेलो. मग कोट येऊ लागले. देणारे त्यांची चांगली बटणे कापून घरी ठेवत आणि उरलेला कोट प्रभूच्या नावाने मला देत! किल्ली चर्चची देखरेख करणाऱ्या मावशींकडे असे. माणूस ‘लायक’ असल्याची पाळकांची चिठ्ठी आणल्याशिवाय त्या दार उघडत नसत. दयेलाही दाखला!

गेल्या हिवाळ्यात उपासनेनंतर चर्चच्या जुन्या घंटावाल्याची बायको आली. उपासनेत पेटी वाजवणाऱ्या बाईंचे घड्याळ त्याने पूर्वी चोरले होते. शिक्षा भोगून तो आदल्याच दिवशी सुटला होता. छाती कफाने भरलेली, अंगावर नुसता सदरा.

“मावशी, एक कोट द्या हो. दवाखान्यात न्यायचंय त्यांना. बाहेर कुडकुडतायत.”

“चोराला कोट? आधी चिठ्ठी आण.”

“पाळक उपासना आटपून बाहेरगावी गेलेत, परवा येणारेत.”

“मग परवा ये. नियम म्हणजे नियम.”

माझ्यात एकोणीस कोट होते. कसर ते खुशाल खात होती. तिला चिठ्ठी लागत नव्हती.

पेटीवाल्या बाई तिथेच गीतांची पुस्तके रचत होत्या. त्यांनी अंगातला कोट काढून तिच्या हातात दिला.

“बाई, तुमचं घड्याळ यांनीच...”

“माहितेय मला. पळ, दवाखाना बंद होईल.”

आता मावशी कळवळल्या. “अहो, अशाच जाणार थंडीत? थांबा!” लगेच कुलूप उघडून त्यांनी सर्वांत जाड कोट पुढे केला.

“आणि माझी चिठ्ठी?” बाईंनी विचारले.

“तुम्हाला कसली चिठ्ठी? तुम्ही आपल्यातल्या!”

बाई हात काखेत दाबून तशाच घरी गेल्या. मावशींना त्यांचे काय चुकले ते अजून कळलेले नाही. कळेल असे मला वाटतही नाही.

मित्रांनो, मला पॉलिश नको, नव्या बिजागऱ्या नकोत. कोणी कुडकुडत आले तर आधी दार उघडा. प्रभूने शेजारच्या क्रूसावरच्या चोराला स्वर्गात घेतले, तेव्हा त्याच्याकडे चिठ्ठी मागितली नव्हती. तुम्हाला तर नुसता कोट द्यायचा आहे, तोही जुना.