सुनेला सांगायचं राहिलं

“सिस्टर, सांगा त्यांना. गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावं लागेल. आवाज जाईल,” डॉक्टर म्हणाले.

मैना सिस्टरनं ते म्हाताऱ्याला त्याच्या भाषेत सांगितलं. ही तिच्या आईची भाषा. इस्पितळात दुसऱ्या कुणालाच येत नसल्यानं या वॉर्डातून त्या वॉर्डात तिला सारखी बोलावणी यायची. दुसऱ्यांचे बोल बोलून दाखवणारी, म्हणून तिचं नाव मैना पडलेलं.

म्हातारा सुतार होता. त्यानं आपले तळवे उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाला, “पोरी, मुलगा गेल्यापासून सूनच मला सांभाळते. तिला माझी भाषा येत नाही, मला तिची. जेवा, झोपा, गोळी घ्या, एवढ्यावर चाललंय आमचं. आवाज जायच्या आत तिला काही सांगायचंय.”

“मला सांगा ना आत्ताच. मी सांगते तिला.”

“छे! तिच्यासमोरच बोलीन. तिचं तोंड बघायचंय मला. संध्याकाळी ती आली की ये.”

“येते बाबा. नक्की.”

संध्याकाळी ती निघालीच होती, तेवढ्यात प्रसूतिकक्षातून निरोप आला. बाई अडलेली, नवरा गांगरलेला, भाषा तीच. त्या बाईनं घट्ट धरलेला हात सोडवणं मैनाला जमलं नाही. बाळ रडलं तोवर भेटीची वेळ टळून गेली होती. झोपेच्या गोळीनं म्हाताराही गाढ झोपला होता. सकाळी ती कामावर येण्याआधीच त्याला ऑपरेशनला नेलं.

पुढे तो वॉर्डात परतला, तेव्हा मैना खाटेशी गेली. सून त्याचे पाय पुसत होती.

“त्या दिवशी तुमची किती वाट पाहिली हो बाबांनी! मग माझा हात धरून बोलतच सुटले. डोळ्यांत पाणी. मला एक अक्षर कळेना. मी आपली हो बाबा, हो बाबा करत राहिले. काय म्हणाले असतील, सिस्टर?”

म्हाताऱ्याला लिहिता येत नव्हतं. त्याचे ओठ हलले, पण गळ्याच्या छिद्रातून नुसती हवा फुसफुसली. घराचं होतं का? मुलाचं? मैना विचारत गेली, तो नकारार्थी मान हलवत गेला. शेवटी त्यानंच हातानं तिला थांबवलं.

काहीतरी गोड रचून सांगता आलं असतं. सुनेचा विश्वासही बसला असता.

“मला नाही माहीत,” मैना म्हणाली. “मी यायला हवं होतं.”

सुनेनं हातातलं फडकं बाजूला ठेवलं. म्हातारा हळूच सरकला आणि खाटेच्या कडेला झालेली जागा त्यानं तळव्यानं थोपटली. सून तिथं बसली. मैना पडदा ओढून बाहेर आली.