अविस्मरणीय, खुर्ची चौदा

“घरातून निघालेली ओटी घरी परत आणायची नाही, अनसूया,” असं माझ्या सासूबाई सांगत. मी एकदा आणली, आणि त्या दुपारी आमच्या गावचं नाट्यगृह एका रांगेनं लांबलं.

नवी रांग रंगमंच आणि पहिली रांग यांच्या मधे उगवली. लाल रेक्झिनच्या सोळा खुर्च्या होत्या, पाठीवर आकडे घातलेले. डोअरकीपर तारळेकर आले आणि त्यांनी खुर्च्यांवरची धूळ पुसली. खुर्च्या नव्या असूनही धूळ होती.

तो शुक्रवार होता. आमच्या महिला मंडळानं दुपारी चारचा प्रयोग घेतला होता. नाटकाचं नाव ‘राहिलेली’. धरणाच्या पाण्यात गाव बुडतं, सगळे निघून जातात, एक म्हातारी तेवढी मागे राहते. ती म्हातारी केतकी गुरव करते. दीड तास रंगमंचावर ती एकटी. केतकी आमच्या रामेश्वराच्या गुरवांच्या घरची. जन्मली तेव्हा मुलगा समजून तिचं बारसं झालं. त्या बारशाच्या घुगऱ्या मी खाल्ल्या आहेत. एकविसाव्या वर्षी तिनं आपलं बारसं आपणच केलं, केतकी हे नाव ठेवलं आणि नाटक कंपनीत गेली. ती गावात प्रयोग घेऊन आली ती बारा वर्षांनी.

मी बेचाळीस वर्षं रोज तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावते आहे. पण दिवा लागतो म्हणजे काय होतं, ते मी त्या दिवशी पाहिलं. केतकीच्या हातात काडी नव्हती, पुढ्यात निरांजन नव्हतं. तिनं अंगठा आणि बोट जवळ आणून वाऱ्याला पाठ केली, आणि आमच्या सगळ्यांच्या तोंडावर उजेड पडला. मग तिनं रिकामा तांब्या कलंडला. माझ्या पावलांना गार लागलं. खाली पाहिलं तर घोट्याएवढं पाणी होतं आणि कुणाची तरी चप्पल त्यात संथ फिरत होती. कुणी पाय वर घेतले नाहीत. मी हात जोडले, ते मला नंतर कळलं.

नाटक संपल्यावर मुख्य नटीची ओटी भरायची आमच्या मंडळाची पद्धत आहे. मान माझा असतो, कारण माझं शुक्रवारचं व्रत आहे. एका बाईची ओटी भरल्याशिवाय मी त्या दिवशी जेवत नाही. ओटी भरायची ती रंगमंचावर, पडदा उघडा ठेवून, सगळ्यांसमोर. पाट मांडला होता. केतकी म्हातारीच्याच नऊवारीत येऊन बसली. तिनं पदर पसरला. मी खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि नारळ घेऊन वाकले, आणि खाली बायकांत कुणीतरी खाकरलं.

एवढंच झालं. एकदा खाकरलं.

“काम फार सुंदर झालं हो तुमचं,” मी म्हणाले, आणि सरळ उभी राहिले. नारळ माझ्याच हातात होता.

केतकीनं माझ्याकडे पाहिलं. तिचा पदर तसाच पसरलेला होता.

“काकू, काम राहू दे,” ती म्हणाली.

“पुढच्या प्रयोगाला भरते.”

“नक्की?”

“नक्की.”

तिनं पदराची एकेक चुणी सावकाश मिटली, जसं काही आत तांदूळ होतेच. मी पायऱ्या उतरले. जागेवर येऊन मागे पाहिलं, तेव्हा ती नवी रांग आली होती.

त्या रात्री मी जेवले नाही. नारळ देवापुढे ठेवला. सकाळी उचलून कानाशी हलवला, तर आत पाणी वाजलं नाही. टाळ्या वाजल्या.

रविवारच्या पेपरात दिवाकर निमकरांचं परीक्षण आलं. निमकर आमच्याकडचे जुने नाट्यसमीक्षक, सहसा कुणाला चांगलं म्हणत नाहीत. त्यांनी लिहिलं होतं, “केतकी गुरव अभिनय करत नाहीत, त्या राहतात. निघून जातो ते आपण.” अशी अकरा वाक्यं होती. मी बोट ठेवून मोजली. पुढच्या शुक्रवारी नाट्यगृहात अकरा रांगा जास्त होत्या.

मी मुद्दाम पहिल्या रांगेत बसले. परीक्षण वाचून बाहेरगावची माणसं आली होती. पडदा पडल्यावर ती माणसं उभी राहून “वा! वा!” म्हणत राहिली, आणि प्रत्येक ‘वा’सरशी माझ्यापुढे सोळा खुर्च्या उगवल्या. मी ओटी घेऊन उठले तेव्हा रंगमंच हमरस्त्याच्या पलीकडच्या दुकानाएवढा दिसत होता. मी चालत गेले. मी चालत असतानाच तारळेकरांनी दिवे घालवले.

“काकू, हॉल बंद करायचाय.”

“मला पोचायचं आहे.”

“सगळ्यांनाच पोचायचंय,” ते म्हणाले, आणि किल्ल्या वाजवत उभे राहिले.

मागच्या दारानं जावं, तर ओटी मागच्या दारानं देत नाहीत. आणि मागचं दार तरी कुठे राहिलं होतं? रंगमंचाबरोबर सरकत सरकत ते घाटावर गेलं होतं, आता ते नदीत उघडायचं. केतकी सुरुवातीला प्रयोगानंतर खाली उतरायची. पण बाहेरच्या दाराशी पोचेपर्यंत पुढच्या प्रयोगाची वेळ व्हायची. तिनं उतरणं सोडलं. ती तिथेच राहायला लागली.

नाटक मात्र दर शुक्रवारी आधीपेक्षा मोठं होत गेलं. ती लांबून बोटाएवढी दिसायची, पुढे हरभऱ्याएवढी, आणि तरी तिनं पापणी मिटली की ती मिटल्याचं मला दिसायचं. आवाज तर लांब गेलाच नाही. शेजारच्या खुर्चीवरून यावा तसा यायचा, म्हातारीच्या श्वासासकट. पाणी आता गुडघ्यापर्यंत चढायचं. निमकरांनी लिहिलं, “माझं धोतर दोन दिवस वाळलं नाही.” ते खरं होतं. त्यांच्या गच्चीवर ते मी पाहिलं होतं. खोटं कुणीच काही लिहीत नव्हतं.

ज्ञ च्या पुढे रांगांना अक्षरं उरली नाहीत, तेव्हा तारळेकरांनी परीक्षणांतले शब्द रांगांना दिले. ‘विलक्षण’, ‘थक्क’, ‘अजोड’. बायका एसटी स्टँडवर गावाची पाटी शोधावी तशा आपापला शब्द शोधत फिरायच्या.

मंडळाच्या अध्यक्षा शशिकला शेंबेकर मला ‘अजोड’ मध्ये भेटल्या.

“काय अनसूयाताई, त्या ओटीचं काय झालं? खोबरं किसून वड्या केल्यात की काय?”

“नारळ देवापुढे आहे.”

“असू दे. एवढं कौतुक होतंय तिचं पेपरात! आणखी काय लागतं माणसाला?” असं म्हणून त्या खाकरल्या. तेव्हा मला ते खाकरणं ओळखू आलं.

त्यांनी फक्त खाकरलं होतं. सरळ उभी राहिले होते मी.

काल पुन्हा शुक्रवार आला. माझं तिकीट होतं ‘अविस्मरणीय’, खुर्ची चौदा. तेरा नंबरवर निमकर होते. त्यांच्या गळ्यात दुर्बीण आणि मांडीवर वही होती. रंगमंच म्हणजे लांबवर एक निरांजन होतं. त्याच्यामागे जमीन संपत होती, हे दुर्बिणीशिवाय दिसत होतं.

“आणखी एक परीक्षण आलं, तर ती पलीकडे जाईल,” मी निमकरांना म्हटलं.

“मलाही तसंच वाटतं.”

“मग लिहू नका.”

“वाईट लिहू?”

“नको. खोटं नको.”

“मग मी काय करू, बाई?” ते हळू आवाजात म्हणाले. “चाळीस वर्षं नाटकं पाहतोय. असं कधी पाहिलं नाही. हे बघा.” त्यांनी उजवा हात दाखवला. तो मिटत नव्हता. बोटं पेन धरल्यासारखी राहिली होती आणि शाई नखांतून आपोआप येत होती.

नाटक सुरू झालं. म्हातारीनं दिवा लावला, तांब्या कलंडला. पाणी आमच्या मांड्यांपर्यंत आलं. मी नारळ डोक्यावर धरला. शेवटी म्हातारी एकटी उरते आणि पाण्याला म्हणते, “ये. बस.” तेव्हा पाणी ओसरलं आणि खरंच खाली बसलं. हजारो माणसं होती, कुणी टाळी वाजवली नाही. वाजवावीशी कुणाला वाटलीच नाही.

पडदा पडला नाही. केतकीनं स्वतः पाट मांडला, त्यावर बसली आणि पदर पसरला.

मी उठले. चपला खुर्चीखाली काढून ठेवल्या. ओटीचं सगळं पदरात घेतलं, खणासकट. नारळातल्या टाळ्या थांबल्या होत्या.

“निमकर, मी पोचेपर्यंत थांबाल?”

“किती वेळ लागेल?”

“माहीत नाही.”

त्यांनी पेनाला टोपण लावलं, पेन डाव्या हातात घेतलं आणि उजवा हात मांडीखाली दाबून धरला. “फार वेळ नाही थांबता येणार,” ते म्हणाले. “फारच चांगलं झालंय.”

मी ‘अविस्मरणीय’ मधून बाहेर पडले. रंगमंचाकडे पायऱ्यापायऱ्यांनी उतरणाऱ्या मधल्या वाटेवर दोन्हीकडून माणसं गुडघे आवळून वाट करून देत होती. शशिकलाताईंनी तोंडावर पदर दाबला होता. कुणी खाकरलं नाही.

“सावकाश या, काकू,” माझ्या कानाशी केतकीचा आवाज म्हणाला. “पायऱ्या ओल्या आहेत.”

मी पहिली पायरी उतरले.