सुगंधाच्या तीन सीड्या

आमच्या घरातला कॉम्प्युटर आणला मी, पण त्याच्यावर राज्य माझ्या बायकोचं. सुगंधा मासे विकते आणि आमच्या बंदरावरच्या मासे विकणाऱ्या बायकांच्या गटाची ती सेक्रेटरी आहे. २००७ साली ओरोसहून, जिल्ह्याच्या ऑफिसातून, पत्र आलं. मासळीबाजारासाठी एक पक्की शेड द्यायची आहे, चार गटांचे अर्ज आहेत, तरी प्रत्येकानं शुक्रवारी प्रेझेंटेशन करून आपली गरज मांडावी. गटातल्या सतरा बायका रस्त्याकडेला उन्हात बसायच्या. त्यांना ती शेड हवीच होती.

आमचा कॉम्प्युटर सेकंडहँड. त्यातलं प्रेझेंटेशनचं सॉफ्टवेअर महिनाभर चाखायला दिलेलं, आणि तो महिना कधीच सरला होता. बाजारात एका दुकानात नव्याची किंमत विचारली आणि मला घाम फुटला. दुकानदार हळूच म्हणाला, चोरून उतरवलेली सीडी देतो, शंभरात. माझा हात खिशाकडे गेला होता, खोटं कशाला बोलू? पण शेजारच्या रोझारियोनं मला चांगलंच फैलावर घेतलं. सारी उमर बोटीवर नोकरी केलेला हा माणूस नियमाचा पक्का. सरकारी ऑफिसात चोरीचा माल घेऊन जाणार का, म्हणाला. दोन दिवसांत त्यानं पणजीला असलेल्या आपल्या लेकाकडून, एल्रॉयकडून, एक सीडी आणवली. ओपनऑफिस नाव. स्लाइड होतात, फोटो लागतात आणि पैसा लागत नाही.

मी खूश. सुगंधानं मात्र सुरमईचे कल्ले तपासावेत तशी ती सीडी उलटसुलट करून पाहिली.

"फुकट गावता तां शिळां," ती म्हणाली.

तिचंही खरं. बाजार उठताना जे नरम पडलेलं उरतं, तेवढंच ती आजवर फुकट वाटत आली होती.

रोझारियोनं मग रापणीची गोष्ट काढली. रापण म्हणजे सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. "दोराक हात लावता तेका वाटो गावता मां? ह्यां तसांच. हजार जणांनी मिळान ओढलेली ही रापण."

मला वाटलं, पटलं. तर बाई म्हणते, "मगे आपण दोर खंय ओढलो? हात न लावता वाटो मी घेवचंय नाय."

रोझारियो डोकं खाजवायला लागला. मग म्हणाला, ही सीडी हवी तितक्यांना उतरवून द्यायची मुभा आहे, गरजूंना पोचवलीस की लागला तुझा हात. झालं. सुगंधानं माझ्याकडून तीन कोऱ्या सीड्या मागवल्या. कोणासाठी, तर शिरोडा, कसाल आणि वैभववाडीसाठी. म्हणजे शेडसाठी आमच्यासमोर उभ्या असलेल्या नेमक्या तिन्ही गटांसाठी. मी घर डोक्यावर घेतलं. हा आपल्याच पायावर धोंडा आहे असं चारचारदा सांगितलं. त्यांनाही तेच पत्र आलंय, त्याच गरजू, असं म्हणून तिनं सीड्या एसटीच्या कंडक्टरांबरोबर रवाना केल्या. मी अबोला धरला. ती स्लाइड करण्यात इतकी रमली होती, की मी बोलत नाही हे तिला दीड दिवसानं कळलं.

शुक्रवारी चारही गटांची प्रेझेंटेशनं तयार. शिरोड्याच्या यशोदाचं तर आमच्यापेक्षा झकास, माशांवर टपलेल्या कावळ्यांच्या फोटोंसकट. माझा जीव नुसता जळत होता. शेवटी सुगंधा उठली. ऑफिसात बोलायची शुद्ध मराठी तिनं चार दिवस पाठ केली होती. "माननीय महोदय" म्हणाली आणि पुढचं सगळं विसरली. पडद्यावर पहिलीच स्लाइड, आणि साहेब घड्याळ बघतायत. सतरा बायकांची शेड चालली, असं मला स्वच्छ दिसलं.

तेव्हा यशोदा उठली. पुढे गेली आणि सुगंधाच्या हातातला माऊस तिनं आपल्या हातात घेतला.

"स्लाइडी मी सरकवतंय. तू सांग गो. सायबाकडे बघू नको, माझ्याकडे बघान सांग."

आणि सुगंधा सुटली. "सायबानू, ऊन डोक्यार इलां काय मासे नरम पडतत. मगे गिऱ्हाईक भाव पाडता, आणि आमी गप दितंव." पंधरा मिनिटं बोलली. साहेबांनी घड्याळ बघायचं सोडून लिहून घ्यायला सुरुवात केली.

शेड आमच्या बंदराला मिळाली. पहिली टाळी शिरोड्याच्या बायकांची. मला रडू आलं, आणि ते मी लपवलंही नाही. बाहेर व्हरांड्यात यशोदा भेटली. मघाशी तिच्यावर जळल्याची लाज वाटत होती, म्हणून म्हटलं, बाई, तुमची शेड तर आमच्यामुळे गेली.

"खंय गेली? आमची फुडच्या वर्षाक," ती म्हणाली. "तेव्हा माऊस सुगंधान धरूचो."