सात नंबरच्या खोलीतला फळा

हळर्णच्या सड्यावर, गावाबाहेरच्या उघड्या कातळपठारावर, गणित आणि सैद्धांतिक भौतिकीची संशोधन संस्था उभी राहिली, तेव्हापासून तिथे टिकलेलं माणूस एकच, झाडूवाली सुमंगला. संचालक पाच येऊन गेले. यंदा संस्थेला पंचवीस वर्षं झाली म्हणून इतिहासाचं पुस्तक निघत होतं, आणि ते लिहिणारी सर्वण गावची गौरवी पानं घेऊन तिच्यासमोर बसली होती. पुस्तक उद्या छापायला जाणार होतं.

सुमंगला ऐकत होती, पण कान सात नंबरकडे. तिथे बसणारे गणिताचे भिकाजी सर वारल्याला अकरा वर्षं झाली, तरी सकाळी लादी पुसताना त्या बंद खोलीतून खडूची टकटक येते. दार उघडावं तर फळा कोरा. भौतिकीवाल्यांना विचारलं तर म्हणाले, पत्रे तापतात. सकाळी सातला कसले पत्रे तापतात, डोंबल!

"'प्रा. भिकाजींनी एका जुन्या प्रमेयाची सिद्धता पूर्ण झाल्याचं मित्रांना कळवलं,'" गौरवी वाचत होती, "'पण ती त्यांना कधीच मांडता आली नाही. त्यांचा दावा खोटा होता, असंच आज मानलं जातं.'"

सुमंगलाच्या ध्यानात आलं, हे छापून आलं की सर कायमचे खोटे ठरणार. आणि आपण बोललो, तर निवृत्तीला दोन महिने राहिले असताना सगळी संस्था आपल्या तोंडात शेण घालणार. तिने पदराने तोंड पुसलं.

"खोटो नाय तो माणूस," ती म्हणाली. "ता गणित पुरा झाल्ला. मीच पुसलंय."

गौरवीने पान खाली ठेवलं.

मग सगळंच बाहेर आलं. सरांनी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, लिहिलेल्याच्या शेवटी बारका चौकोन असला तरच फळा पुसायचा. चौकोन म्हणजे काम संपलं. महिनेच्या महिने सातमधला फळा तिने शिवला नव्हता. सरस्वतीपूजनाच्या सकाळी पाहिलं, तर खाली कोपऱ्यात चौकोन! तिला कोण आनंद झाला. तीन वेळा पाणी घेऊन तिने फळा लख्ख धुतला आणि शाळेत पाटीपूजनाला काढतात तशी एकच्या आकड्यांची सरस्वती वर काढली. सर कागद-पेन घेऊन उतरवायला आले ते नऊ वाजता. सिद्धता संपली की शेवटी चौकोन काढायची गणितवाल्यांची रीत; रात्री तो त्यांनी सवयीने काढला होता, पुसायची खूणही तीच हे विसरून. त्यांनी फळा पाहिला, सरस्वतीला हात जोडले आणि म्हणाले, "बरी काढलंस." ती तेव्हा कंत्राटावर होती, एक शब्द बोलले असते तर दुसऱ्या दिवशी घरी बसली असती. ते कुणालाच बोलले नाहीत. व्याख्यानात तीच सिद्धता मांडताना चौथ्या ओळीवर अडकले, लोक हसले, तेव्हाही नाही. पुढच्या वैशाखात गेले.

"मावशे, हें आदी कित्याक सांगलें ना?" इतकी वर्षं ही गप्प का राहिली, ते गौरवीला कळेना.

"भियालंय गो. आता लिही. माजा नाव घालून लिही."

गौरवीने दावा खोटा असल्याचं वाक्य खोडलं. सिद्धता पूर्ण झाली होती आणि ती सुमंगलाच्या हातून पुसली गेली, असं लिहून तिला वाचून दाखवलं. सुमंगलाने मान हलवली, पण उठली नाही.

"सरांनी मागीर तुका कायच विचारूंक ना?" गौरवीने त्या दिवसानंतरचं विचारलं.

सुमंगलाने सात नंबरच्या दाराकडे पाहिलं.

"एकदा विचारल्यानी. दार लोटून, हळू. म्हणाक लागले, 'सुमंगला, पुसताना तुजे डोळे त्या ओळींवरसून गेले मां? चवथ्या ओळीत काय होता, आठावता तुका?'"

"मग?"

"माका वाटला, एवडो शिकललो माणूस माजी मस्करी करता. मी हसलंय."