दहा लाख नऊ

माझ्या एका थापेला यंदा अठ्ठावीस वर्षं झाली, आणि ती थाप आता चक्क पितळेवर कोरली जाणार होती.

तिसगावच्या शाळेत कराळे सरांनी आम्हा बेचाळीस पोरांना एक आकडा दिला होता, १०००००९. दहा लाख नऊ. ही मूळ संख्या आहे का, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानंच तिला पूर्ण भाग जात नाही ना, ते शोधायचं. हजार गुणिले हजार दहा लाख, म्हणून हजाराच्या आतल्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं. त्या भरतात एकशे अडुसष्ट. सरांनी प्रत्येकाला चार-चार वाटून दिल्या. माझ्या वाट्याला आल्या २८३, २९३, ३०७ आणि ३११.

नेमका दुसऱ्या दिवशी बाजार. अब्बांच्या बांगड्यांच्या पालात बसून मी तीन भागाकार केले, तेवढ्यात गिऱ्हाइकांची झुंबड उडाली. २९३ राहिला. म्हटलं, कुणाचाच जाईना, माझाच मेला कशाला जातोय? वहीत ठोकून दिलं, ‘भाग जात नाही’. सरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात ‘मूळ संख्या’ लिहिलं. तेव्हापासून गावभर सांगत राहिले, माझ्या पोरांनी सिद्ध केलं म्हणून.

आता माजी विद्यार्थ्यांचा मेळावा ठरला. वर्गातल्या आरतीचा फोन आला, “फरीदा, सरांना द्यायच्या पितळी सन्मानचिन्हावर त्यांचा आकडाच टाकतोय, मूळ संख्या म्हणून.” फोन ठेवला आणि मोबाईलवरच २९३ नं भागून बघितलं. उत्तर ३४१३. बाकी शून्य. भर मेळाव्यात एखाद्या दीडशहाण्यानं मोबाईल काढला तर? सरांच्या पत्नी वारल्यापासून त्या माणसाकडं मिरवायला तेवढंच तर उरलंय.

सावेडीतलं माझं शिवणाचं दुकान बंद केलं आणि तिसगावची एसटी धरली. सर ओट्यावरच बसले होते. मी एका दमात सगळं ओकले. वर त्यांच्यावरच चिडले, “सर, तुम्ही एकदाही तपासलं नाहीत?”

“मी कशाला तपासू? तुम्ही केलं होतं ना.”

त्यापेक्षा दोन छड्या मारल्या असत्या तर बरं झालं असतं. मला रडूच आलं.

सरांनी कागद-पेन पुढं केलं. “मोबाईल राहू दे. हातानं करून दाखव.”

मी करत गेले. तीनचा भाग, चारचा, एकचा. शेवटी आठशे एकोणऐंशी उरले, आणि २९३ त्रिक नेमके तेवढेच. खाली शून्य. सरांनी पेन घेऊन त्या शून्याभोवती गोल काढला. माझी मान काही वर होईना.

“आरतीला कळव, ‘मूळ’ लिहू नका म्हणावं,” ते म्हणाले. मग त्यांनी कागद उलटा करून माझ्याकडं सरकवला.

“आता ३४१३ मूळ आहे का? अठ्ठावन्नपर्यंतच्याच मूळ संख्यांनी भागून बघायचं. सगळे भागाकार तूच कर. ह्या खेपेला मी शेजारी बसतो.”