भुशावर चालणारी बोट

'अडेलीन रस्क' या बोटीवर मी बारा वर्षं स्वयंपाक केला आणि माझा नवरा एमेट तिचं इंजिन सांभाळायचा. बोट ओकच्या लाकडाची, वयाने आमच्याएवढीच. उमेदीच्या काळात तिने ह्यूरन सरोवरावर चिक्कार लाकूड वाहिलं. म्हातारपणी मालकाने मेलीवर खाणीतले लोखंडाचे दगड लादले. ती मधोमध वाकली, फळ्यांचे सांधे सुटले आणि आमचा जन्म पाणी उपसण्यात गेला.

गळतीवर एमेटचा उपाय ठरलेला. लांब काठीला पेटी बांधायची, तीत लाकडाचा भुसा भरायचा आणि बोटीच्या पोटाखाली नेऊन उलटी करायची. आत शिरणारं पाणी भुसा ओढून घेई आणि तो फटीत फुगून बसे. सरोवरावर सगळेच करायचे हे, पण धक्क्यापर्यंत पोचण्यापुरतं. आमची बया भुशावरच चालायची.

नोव्हेंबरात मी म्हटलं, "या खेपेनंतर उतरू या."

"दर खेपेला हेच म्हणतेस."

"आणि दर खेपेला तू ऐकत नाहीस."

"बरं बाई, ही शेवटची. झालं समाधान?"

त्या खेपेच्या तिसऱ्या दिवशी सकाळी वारा उलटला. लाटांवर बोट अशी पिळवटली की फटींतला सगळा भुसा सुटून आत आला आणि थेट पंपाच्या जाळीत जाऊन बसला. पंप बंद. एमेट तळात उतरला आणि छातीभर पाण्यात बुड्या मारून हातांनी जाळी मोकळी करू लागला. मूठभर काढावा तर ओंजळभर येई.

कप्तान टॉर्केलने होडी पाण्यात सोडायला लावली. "बाई, त्याला बोलवा. ही आता राहत नाही."

मी तळाच्या तोंडाशी ओणवी झाले. "एमेट, वर ये. मरू दे ती जाळी."

"आलोच. थोडंच राहिलंय."

"तुझं थोडं मला ठाऊक आहे. हात जोडते, ये."

"तू हो पुढे. टॉर्केलला थांबायला सांग."

दोघा खलाशांनी मला धरून होडीत घातलं. टॉर्केल थांबला, खरंच थांबला. होडी दोनदा बोटीवर आदळली, तेव्हा मात्र त्याने दोर सोडला.

तेवढ्यात बोटीच्या कुशीतून पाण्याची जाड धार बाहेर पडली. पंप चालू झाला होता. "केलं की पठ्ठ्याने," वल्ह्यावरचा एक जण म्हणाला. मला वाटलं, आता येईल हात पुसत. धार चालू असतानाच बोट नाकावर कलली आणि गेली.

लोक म्हणतात, शूर होता तुझा नवरा. असेल. ऐकून ऐकून थकले मी. मी बोलावत होते आणि त्याला ती जाळी साफ करायची होती, एवढंच मला कळतं.